दिवसाउजेडी सांगितलेली गोष्ट

१

दिवसाउजेडी गोष्ट सांगायची नाही, हा खतिजाच्या घरातला कायदा. सूर्य वर असताना कुणी गोष्ट सांगितली, की घरचा जो माणूस वाटेवर असेल तो वाट चुकतो. हे तिच्या आजीने तिच्या आईला सांगितलं होतं, आईने तिला. आणि रत्नागिरीच्या खाडीकाठच्या त्या वाडीत एक घर असं नव्हतं, की ज्यातला माणूस वाटेवर नाही. कोण कुवेतला, कोण दुबईला, कोण जहाजावर. खतिजाचा नवरा अयूब उभा जन्म जहाजावर होता आणि दर खेपेला सुखरूप घरी आला. ते आपण तोंड आवरलं म्हणून, असं खतिजाचं पक्कं मत.

"आणि कप्तान काय झोपा काढत होता?" अयूब म्हणे.

खतिजाला अक्षर एक वाचता येत नव्हतं, पण गोष्टी तिच्या पोटात मावत नसत. मगरीबची अजान झाली, दिवा लागला, की वाडीतली पोरं तिच्या पडवीत गोळा होत. दिवसा मात्र कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी ती तव्यावरची भाकरी उलटत गप्प. त्या तव्याने एकदा तिच्या उजव्या मनगटावर चांगला चटका दिला होता; त्याचा चंद्रकोरीसारखा डाग बांगड्यांच्या वर कायमचा बसला होता.

आता वाटेवर तिचा मुलगा अद्नान होता. दोहाला एका कंपनीत इमारतींचे नकाशे काढायचा. पडवीच्या कोपऱ्यात टेबलावर त्याचा जुना कॉम्प्युटर होता, वर डोळ्यासारखा कॅमेरा चिकटवलेला. तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की सून झरीन तो चालू करी. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागे आणि काचेत अद्नान दिसे. आधी ओठ हलत, मागाहून आवाज येई.

"अम्मी, एक गोष्ट सांग ना," तो मुद्दाम म्हणे.

"उजेड हाय अजून, मेल्या. वाट चुकशील."

हे रोजचं. हसत, सगळ्यांनी पाठ केलेलं.

२

दोन हजार आठ साली अद्नान रजेवर आला तो नवा लॅपटॉप घेऊन. मॅक म्हणत त्याला. शहाळ्यातल्या मलईसारखा पांढरा. जुन्या यंत्राला खाऱ्या वाऱ्याने खाल्लं होतं; चालू केलं की दम्याच्या म्हाताऱ्यासारखं घरघरायचं. पण अद्नानचा नकाशे काढायचा जुना प्रोग्राम त्यातच होता, तो विंडोजशिवाय चालत नसे, आणि त्याची सीडी कधीच हरवलेली. शिवाय लग्नाचे फोटो, महरीनचे बाळपणीचे फोटो.

"म्हणून मी यातलं एकेक काढत बसणार नाही," अद्नान म्हणाला. "अख्खं मशीन उचलून मॅकच्या पोटात ठेवणार."

"एवढं धूड त्या ताटलीत?" अयूब म्हणाला.

"धूड नाही अब्बा, आतलं. विंडोज तिथं उठेल तेव्हा त्याला कळणारसुद्धा नाही, आपण हललो म्हणून. त्याला वाटेल, मी रत्नागिरीतच आहे, याच टेबलावर. झोपलेल्या माणसाला खाटेसकट उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवला, तसं."

खतिजा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "उठल्यावर विचारील ना तो, माझी खिडकी कुठं गेली?"

"खिडकी पण नेतो, अम्मी."

"मग इथं काय उरतं?"

"रिकामा डबा. फक्त एक लक्षात ठेवायचं. एकदा नेलं की दोन्ही एकदम चालू करायची नाहीत. एका नावाची दोघं झाली की भांडतात."

"सवतींसारखी," झरीन आतून म्हणाली, आणि सगळे हसले. खतिजाही हसली. पण तिच्या हातातलं सूप मात्र थोडा वेळ थांबलं होतं.

३

जुम्म्याचा, म्हणजे शुक्रवारचा दिवस होता. अद्नानने जुन्या यंत्रातून नव्यात एक वायर जोडली, काहीतरी दाबलं, आणि काचेवर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकायला लागली. "दिवस जाईल याला. कुणी हात लावू नका," असं बजावून तो आणि अयूब नमाजला गेले. झरीन आत बांगडे तळत होती. पडवीत खतिजा आणि नात महरीन.

आता हात लावू नका म्हटल्यावर चार वर्षांची पोर काय ऐकते! ती वायरीकडे धावली. खतिजाने तिला धरली. खोबरं दिलं, ते तिने टाकलं. खळ्यातली कोंबडी दाखवली, ती बघितली न बघितली. पुन्हा वायर. शेवटी खतिजाने तिला मांडीवर दाबून धरली आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसली.

"दादी, गोष्ट."

"उजेड हाय, बाय."

पोरीने भोकाड पसरलं आणि पाय झाडले. पाय वायरीला लागला. आणि खतिजाच्या मनात आलं, अद्नान तर इथंच आहे, चार पावलांवर मशिदीत. वाटेवर आज आहे कोण?

तिने गोष्ट सुरू केली. एक तांडेल होता, गलबत घेऊन बसऱ्याला गेलेला. त्याची बायको रोज खाडीच्या तोंडाशी कंदील टांगायची, की यायचा तेव्हा घर ओळखावं. तो यायचा दिवस आला तेव्हा धुकं असं पडलं, की नाकासमोरचं शीड दिसेना. तांडेल घराकडे वळला, तर समोर दोन दिवे. एक इकडे, एक तिकडे. दोन्ही सारखे. कुठला आपल्या घरचा?

"झालं का काम?" पाखाडीच्या पायऱ्यांवरून अद्नानचा आवाज आला. महरीन मांडीवरून सुटली आणि बापाकडे पळाली. गोष्ट तिथेच राहिली.

खतिजा उठली तेव्हा तिला दिसलं, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा चालू होता. कधीपासून, कोण जाणे.

४

काम बेस झालं. मॅकमध्ये एक चौकट उघडली आणि चौकटीत तो जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा उठला. तेच महरीनचं चित्र, तीच घड्याळाची जागा. अयूबने दोनदा वाकून टेबलाखाली बघितलं. जुन्याची वायर काढली, प्लग काढला आणि झरीनने त्यावर क्रोशाचं झाकण घातलं. "पुढच्या खेपेला तुम्हाला छोटा लॅपटॉप आणतो, मग बघत बोलू. तोवर मोबाइल," असं सांगून अद्नान गेला. सुखरूप पोचला. खतिजाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते पाप कुणाला बोलली नाही.

पहिल्याच जुम्म्याला त्याचा फोन आला.

"अम्मी, मघाशी मध्येच उठून कुठं गेलीस?"

"कुठनं उठले?"

"टेबलावरनं. महरीनला मांडीवर घेऊन बसलेलीस ना. आज चित्र काय झकास येत होतं!"

खतिजाने कोपऱ्याकडे बघितलं. क्रोशाचं झाकण. त्यावर बारीक धूळ. प्लग भिंतीवरून लोंबत होता.

झरीनने फोन घेतला, बोलली, हसली. "अम्मी, त्या दिवशी कॅमेरा चालू राहिला होता, त्याचं रेकॉर्डिंग झालं असेल. तेच लावून बसलेत. घर आठवत असेल."

खतिजाला ते पटलं. कॅसेटमध्ये माणूस मेल्यावरही गातो. मग आपण तर जिवंत आहोत. तिने फोन परत घेतला आणि सांगितलं, "तू नेलंस ते जुनं चित्र हाय, रे."

"जुनं कसं? मी विचारलं आज काय शिजवलं, तर तू म्हणालीस तिसऱ्या."

गोष्ट सांगितली त्या शुक्रवारी घरात बांगडे होते. तिसऱ्या होत्या त्या आज. शिंपल्यांच्या पाण्याचा वास अजून खतिजाच्या बोटांना होता.

५

त्यानंतर फोन कमी झाले. झरीनने लावला तर अद्नान म्हणे, "आत्ता तर तासभर बोललो. अम्मी काय विसरायला लागली काय?" आवाजात राग नाही, काळजी. तेच वाईट होतं. मुलगा पोटभर बोललेला असे आणि आई उपाशी.

अयूब एकदा त्याच्यावर ओरडला. मग अद्नान हळूच म्हणाला, "अब्बा, तुम्ही अम्मीच्या मागं उभे आहात. मला दिसताय. मग फोनवर कशाला ओरडता?"

अयूब पडवीत एकटाच होता. त्याने आत जाऊन फोन खतिजाच्या हातात दिला आणि खळ्यात जाऊन बसला. ज्याने वादळात सुकाणू धरलं, तो माणूस अंगठ्याने चिऱ्यावरचं शेवाळ खरवडत बसला होता.

झरीनने अद्नानच्या शाळेतल्या मित्राला बोलावलं. स्वरूपचं शहरात कॉम्प्युटरचं दुकान. हसतमुख, पोट सुटलेला. त्याने झाकण काढलं, प्लग लावला. यंत्र घरघरत उठलं आणि काचेवर एक लहान पाटी आली. स्वरूपने वाचली, आणि पुन्हा वाचली.

"काय म्हणतंय ते?" खतिजाने विचारलं.

"काही नाही काकी. म्हणतं, या नावाचं दुसरं मशीन आधीच चालू आहे."

"ते दोहाचं."

"तेवढ्या लांबचं याला नाही कळत. एकाच घरात, एकाच वायरीवर दोन असतील तरच हे येतं." बोलता बोलता त्याने वायरीचं टोक शोधलं. ते जमिनीवर पडलेलं होतं, कशालाच न जोडलेलं. त्याने ते उचललं, बघितलं, हसायचा प्रयत्न केला आणि यंत्र बंद केलं.

"अद्नानकडचं काढून टाकता येईल काय?"

"इथनं नाही येणार, काकी. ज्यानं उघडलंय त्यानंच बंद करायचं."

चहा तयार होता. पण त्याला दुकानात गिऱ्हाईक येणार होतं म्हणे.

झरीनने अद्नानला फोन करून सांगितलं, ती चौकट बंद करा, माझी शपथ. तो म्हणाला, "बंद करू? अम्मी बोलतेय आणि तोंडावर बंद करू?"

६

मग खतिजाने ठरवलं, अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करायची. अर्धी गोष्ट दार उघडं टाकल्यासारखी असते. आपण उघडलं, आपणच लावायचं. दिवस होता, पण आता दिवसाला कोण भितं? तिने झरीनकडून फोन लावून घेतला.

"अद्नान, ऐक. ती तांडेलाची गोष्ट. दोन दिवे दिसले ना..."

"थांब, थांब," तो लगबगीने म्हणाला. "पुढचं सांगू नकोस. फार रंगात आलीय. त्या दुसऱ्या दिव्याची बाई आता कुठं खडकावर उतरलीय."

तो दुसरा दिवा कुणी लावला होता, हे तिच्या आईनेही कधी सांगितलं नव्हतं. तिच्या गोष्टीत दुसरी बाई नव्हतीच. तिच्या गोष्टीत बायको दुसरा दिवा बघते, आपला कंदील फुंकून टाकते, आणि काळोखात तांडेलाच्या नावाने हाक मारते. दिव्यासारखा दिवा असतो, पण हाकेसारखी हाक नसते. तांडेल आवाजाकडे सुकाणू वळवतो. संपली गोष्ट.

"माझी गोष्ट वेगळी हाय, बाळा. शेवट ऐक."

"शेवट फोनवर नको. तूच म्हणालीस ना? घरी ये, मग शेवट सांगते." तो लहानपणी हसायचा तसा हसला. "म्हणून तर तिकीट काढलंय. महरीनच्या बिस्मिल्लाला येतोय."

घरात आनंदीआनंद झाला. झरीनने मालगुंडला माहेरी कळवलं. महरीनला पहिलं अक्षर शिकायला बसवायचं म्हणून पांढरा फ्रॉक, ओढणी आणली. अयूबने दाढी केली. एकदा माणूस घरी आला, हाताला लागला, की ती चौकट बिवकट सगळं खाडीत फेकून देऊ, असं तो म्हणाला. एवढं सरळ होतं ते. खतिजा हो म्हणाली. पण तिच्या डोक्यात एकच फिरत होतं: घरी ये, असं त्याला मी कधीच म्हणाले नव्हते.

७

तो आला त्या दिवशी ऊन लख्ख होतं. मुंबईला उतरल्यावर त्याने फोन केला. गाडीतून केला. रत्नागिरी स्टेशनवर उतरून रिक्षात बसला तेव्हाही केला, आणि खतिजाने फोन ठेवूच दिला नाही.

"बोलत राहा," ती म्हणाली. "काय दिसतंय ते सांगत राहा."

"अम्मी, मी काय पहिल्यांदा येतोय काय?" पण तो सांगत राहिला. मशीद दिसली. कोळणींच्या पाट्या दिसल्या. रिक्षा थांबली, तो सुटे मोजत असल्याचं ऐकू आलं. खाली रस्त्यावर रिक्षा वळल्याचा आवाज खतिजाला फोनमधून आला. दुसऱ्या कानाला, बाहेरून, काहीच आलं नाही.

"अयूब जातोय खाली," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. त्या घाईत घेतलं.

अयूब चपला न घालताच पाखाडी उतरला. पडवीतून वळणापर्यंतच्या पायऱ्या दिसत. खतिजा, झरीन आणि ओढणी घेतलेली महरीन, तिघी खळ्याच्या दगडी गडग्याशी उभ्या.

"दिसले अब्बा," अद्नान फोनवर म्हणाला. "बॅग घेतायत. अहो अब्बा, राहू द्या, जड आहे."

खाली वळणावर अयूब उभा होता. एकटा. एकदा खाडीकडे बघत होता, एकदा रस्त्याकडे.

"अद्नान," खतिजा म्हणाली. "अद्नान, तू कुठं हायस?"

"पाखाडी चढतोय. किती धापा लागतात!" त्याच्या चपला पायऱ्यांवर वाजत होत्या. वाडीच्या त्या चिऱ्यांवरच तसा आवाज होतो. खतिजाने तो आयुष्यभर ऐकला होता. समोरच्या पायऱ्यांवर ऊन होतं आणि एक कोंबडी.

"खळं आलं. दार उघडंच आहे. अम्मी, अशी पाठ करून काय बसलीस? बघ तरी."

खतिजाने फोन दोन्ही हातांनी धरला आणि हाक मारली. घशातून नव्हे, पोटातून. "अद्नाऽऽन! आत जाऊ नको! इकडे बघ, मी इथं हाय!" ती हाक खाडीपलीकडच्या माडांनी ऐकली. दोन घरं सोडून बायका बाहेर आल्या. अयूबने वळणावरून वर बघितलं.

फोनमध्ये पावलं थांबली.

"अम्मी?" अद्नान म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झाला होता. "बाहेरनं कोण हाक मारतंय?"

आणि मग खतिजाने आपला स्वतःचा आवाज ऐकला. जवळचा, मायेचा, थोडा थकलेला. रोज ती असरनंतर बोलायची अगदी तसा.

"कोण नाय, बाळा. ये. बस. दमलास."

कडी पडल्याचा आवाज झाला. फोन बंद झाला.

खतिजाच्या घराचं दार सताड उघडं होतं.

८

शोध काय घ्यायचा तो घेतला. अयूबने स्टेशन धुंडाळलं, स्वरूप पोलिसांत गेला. मुंबईला उतरल्याची विमानतळावर नोंद होती. रत्नागिरीला गाडीतून उतरताना एकाने पाहिला होता, हातात पांढरा लॅपटॉप. पुढे वाट होती, माणूस नव्हता. झरीन महरीनला घेऊन मालगुंडला गेली. इथं राहा, असं खतिजाला म्हणवेना.

दार आता रात्रंदिवस उघडंच असतं. अयूब दुपारी वळणावर जाऊन बसतो. आणि घरात कुणी नसलं, की खतिजा क्रोशाचं झाकण काढते.

यंत्राला वीज नाही. प्लग लोंबतोय. नुसती काळी काच. काळ्या काचेत पडवी दिसते, जशी कुठल्याही काळ्या काचेत दिसावी: खुर्ची, भिंत, मागचं दार. फक्त काचेतलं दार लावलेलं आहे. आतून कडी घातलेली.

ती समोर बसते आणि गोष्ट सांगते. दिवसाउजेडी. वाट चुकायचा तो चुकला, आता भिऊन कुणासाठी राहायचं? तांडेल, गलबत, धुकं, दोन दिवे. मग बायको आपला कंदील फुंकून टाकते. तिथे आलं की खतिजा थांबत नाही. काचेजवळ तोंड नेते आणि हाक मारते, मुलाच्या नावाने, एकदा, लांब.

इतके दिवस काही झालं नव्हतं. काल झालं.

हाक गेली आणि काचेतली कडी हलली. कुणीतरी आतून, अंधारात चाचपडावं तशी तिला बोटं लावली. कडी थोडी वर उचलली गेली.

मग बाजूने दुसरा हात आला आणि त्याने ती हळूच, दुखू नये अशी, खाली दाबून धरली. हातात बांगड्या होत्या. बांगड्यांच्या वर, मनगटावर, तव्याच्या चटक्याचा चंद्रकोरीसारखा डाग होता.